कुलूप लागलेले, दार उघडे

मी एक जुने कुलूप आहे. पितळेचे, जाडजूड, तोंडावर एक ओरखडा असलेले. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला मी तरी काय करणार? भोळ्या वस्तूला कोणी दाराला टांगत नाही. तुम्ही मला हातात घेतलेत तर तुमचे बोट कुठे चालले आहे इकडे माझे लक्ष राहील, आणि तुम्ही गोड बोलू लागलात तर दुप्पट राहील.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या कारागिराने माझ्या पोटात पट्ट्या बसवल्या, किल्ली फिरवली, कडी आत दाबली आणि जोरात ओढून पाहिली. जन्मल्या जन्मल्या ज्याला असे ओढून पाहतात, त्याचा जगावर विश्वास बसणे कठीणच. पुढे पेटीत घालून मला बंगळुरात आणले आणि यशवंतपूरच्या बाजाराजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात मी काचेमागे जाऊन बसलो. तिथे माझे नावही बदलले. कानडीत मला बीग म्हणतात, आणि किल्लीला म्हणतात बीगद कै, म्हणजे कुलपाचा हात. हे मला फार आवडले. मला हात आहे असे त्याआधी कोणी म्हटले नव्हते.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या सुमारास कृष्णमूर्तींनी मला विकत घेतले. ते जवळच्या हाउसिंग बोर्डाच्या घरांतल्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी. ही घरे कमी पगाराच्या लोकांसाठी बांधलेली, तीन मजली. जिन्यात उजेड कमी आणि भांडणाला जागा भरपूर. गच्चीवर सगळ्यांची मिळून एक पाण्याची टाकी होती. त्या गच्चीवर दिवेलागणीला कोणीतरी बसू लागले होते. पत्ते, दारू, अर्वाच्य बोलणे. रिकाम्या बाटल्या मागच्या अंगणात भिरकावल्या जात, आणि एकदा तर टाकीच्या पाण्यात विड्यांची थोटके तरंगताना सापडली. जिन्यातला दिवा लावला की दुसऱ्या दिवशी गायब. कोण करते ते कोणी पाहिले नव्हते, कारण वर जाऊन पाहायची कोणाची छाती नव्हती. जो तो दुसऱ्याच्या मुलाकडे आणि दुसऱ्याच्या पाहुण्याकडे बोट दाखवी.

म्हणून गच्चीच्या दारासाठी मला आणले. तळमजल्यावर गिरीराज राहायचा, बाजारातल्या गोदामात कामाला होता. गोडबोल्या, सगळ्यांच्या आधी मदतीला धावणारा. "सार, सुतार कशाला? मी आहे ना," असे म्हणून त्याने कोयंडा बसवायचे काम अंगावर घेतले. कोयंड्याला चार भोके. त्याने दोनच स्क्रू लावले, तेही आखूड, आणि उरलेले खिशात टाकले. वर माझ्या पोटात भरपूर तेल सोडले. मला तिथेच शंका आली. चौकटीशी चिंगूसपणा करणारा माणूस कुलपाला तेल का पाजतो?

माझ्या दोन किल्ल्या. एक कृष्णमूर्तींकडे राहिली, पण त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ते कधी वर चढत नसत. दुसरी जमनाबाईंकडे, कारण सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचे काम त्यांचे होते. त्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्याच पायाशी राहायच्या. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बंगळुरातले. घरात बोलायच्या मराठीच, पण त्या मराठीत कानडी शब्द पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखे जागोजागी लागायचे. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर घर त्यांच्या नावावर झाले, आणि त्या घरावाचून त्यांना जगात दुसरे छप्पर नव्हते. मुलगी कस्तुरी के. आर. पुरमला दिलेली. जमनाबाईंचे दार दिवसभर सताड उघडे असे. कोणीही यावे, पाणी प्यावे, सांडगे चाखावे, जावे. मला तो उघडेपणा सोसत नसे. माझा पहिला संशय गिरीराजवर होता, दुसरा या दारावर.

पहिला खरा ठरला. चार दिवसही गेले नाहीत, तोच दिवेलागणीला गिरीराज तीन-चार सोबत्यांना घेऊन दबक्या पावलांनी वर आला. मला त्याने बोटही लावले नाही. कोयंडा धरला, जरासा हलवला आणि स्क्रूंसकट चौकटीतून उपसून काढला. मी आपला लागलेल्या अवस्थेत दाराच्या कडीला लोंबकळत राहिलो. खाली घरोघरी टीव्ही चालू होते. जाताना त्याने कोयंडा पुन्हा भोकांत दाबून बसवला, वर अंगठ्याने थोपटला. सकाळी कोणी पाहायला आले की मी जागच्या जागी, कडेकोट बंद! मित्रांनो, माझ्यावर कसली वेळ आली असेल, कल्पना करा. डोळ्यांत तेल घालून राखण करावी म्हणतात, माझ्या तर पोटात तेल होते, पण काय उपयोग?

अंगणात बाटल्या पडतच राहिल्या. आणि लोकांनी सरळ हिशोब केला. कुलूप फोडलेले नाही, म्हणजे किल्लीने उघडले. किल्ल्या दोन. सेक्रेटरी तर वर चढू शकत नाहीत. मग राहिले कोण? कोयंड्याकडे बघायचे कोणाच्या मनातही आले नाही. जमनाबाईंचे उघडे दार आता लोकांना वेगळेच दिसू लागले. एवढी माणसे येतात तरी कोण हिच्याकडे, असे जिन्यात कुजबुजणे सुरू झाले. जमनाबाई खाली उतरल्या की ते थांबायचे.

दुसऱ्या मजल्यावर श्यामला राहायची. ती पुण्याची, नवरा मल्हार कॉम्प्युटरच्या कंपनीत, पाच वर्षांची मुलगी अक्षरा. नव्या शहरात तिला आपली भाषा बोलणारे घर सापडले ते जमनाबाईंचे. ती त्यांना काकू म्हणायची, आणि अक्षरा तर शाळेतून आली की आपल्या घराआधी तिथेच शिरायची. कानडी मात्र श्यामलाला मोजकीच येत होती. स्वल्प म्हणजे थोडे, सरी म्हणजे बरे. घराला कुलूप आणायला गेली तेव्हा बीग कळले, आणि सिलिंडरवाला रोज जिन्यात ओरडायचा त्यावरून 'बागिलु तेगी' म्हणजे दार उघड, हेही कळले. एवढ्या भांडवलावर तिचे काम भागत होते.

एका दुपारी जमनाबाई पिशवी घेऊन बाजाराला निघाल्या. कस्तुरीला दिवस गेले होते, आणि तिचे डोहाळजेवण गच्चीवर मांडव घालून करायचे त्यांच्या मनात होते. जागा पाहायला कस्तुरीचे सासरे येणार होते. ते नेमके आपण नसताना आले तर? म्हणून जमनाबाईंनी जिन्यातच गिरीराजला हाक मारली, त्याच्या हातात माझी किल्ली दिली आणि कानडीत सांगितले, "बीगरु बंद्रे, मेलिन बागिलु तेगी."

आता नीट ऐका. बीग म्हणजे कुलूप, पण बीगरु म्हणजे व्याही. शब्द जवळचे, नाते लांबचे. जमनाबाई म्हणाल्या ते एवढेच, की व्याही आले तर वरचे दार उघड. श्यामला तेव्हा आपल्या दारात तांदूळ निवडत होती. तिच्या कानात पडले ते असे: बीग... बंद... बागिलु तेगी. कुलूप बंद असले तर दार उघड! तिने मान वर केली, गिरीराजच्या मुठीत किल्ली जाताना पाहिली आणि पुन्हा तांदळात मान घातली. पण निवडण्यात तिचे लक्ष राहिले नाही.

व्याही त्या दिवशी आलेच नाहीत, आणि बाजारातून परतल्यावर जमनाबाईंनी किल्ली परत घेतली. संध्याकाळी गिरीराजची बैठक मात्र बसली, आणि वरून बाटली आली ती थेट अंगणात खेळणाऱ्या अक्षराच्या पायाशी फुटली. काच तिच्या पोटरीत घुसली. रक्त पाहून पोर किंचाळली. जमनाबाई तिसऱ्या मजल्यावरून हळदीचा डबा घेऊन धावत आल्या आणि जिन्यातच श्यामलाला गाठले.

"स्वल्प थांब गं, हळद दाबून धरते. रक्त थांबेल."

"नको." श्यामलाने मुलीला छातीशी ओढले. "तुम्ही हात लावू नका हिला."

जमनाबाई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आपण काय केले हे त्यांना कळेना. मला वरून ते सारे ऐकू येत होते, आणि ओरडायला तोंड नव्हते. जे तोंड आहे ते फक्त किल्ली गिळायला.

पायाला टाके घालून आणल्यावर श्यामला तडक कृष्णमूर्तींकडे गेली. त्यांना मराठी येत नव्हती, हिला कानडी, म्हणून मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत तिने सांगितले की वरच्या काकू संध्याकाळी कुलूप उघडायला लावतात, किल्ली देतात, मी माझ्या कानांनी ऐकले. कोणाला देतात ते तिने सांगायचे टाळले, कारण गिरीराज तिथेच खुर्चीत बसला होता आणि तिला त्याची भीती वाटली. मूळ शब्द असा वाटेतच गळून पडला. गिरीराजला मात्र सगळे लख्ख कळले. तो च् च् करत म्हणाला, "अक्का अशा असतील असं वाटलं नव्हतं, सार."

बोर्डाचा नियम कडक होता. ज्याच्या घरामुळे इतरांना उपद्रव होतो असे ठरेल, त्याचे घर काढून घेता येई. कृष्णमूर्तींनी बोर्डाला कळवले, आणि मग वर आले. गुडघे धरत, पहिल्यांदाच. पण माझ्याकडे न बघता जमनाबाईंच्या दारातच थांबले.

"गुरुवारी साहेब येणार अक्का. चौकशी होईल. घर जाऊ शकतं."

"कुणी सांगितलं माझं नाव?"

"ते नाही सांगणार. साक्षीदार आहे."

जमनाबाईंनी गिरीराजला गाठून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "शप्पथ अक्का, त्या दिवशी मी बीग उघडलंच नाही." हे अगदी खरे होते! त्याने मला कधीच उघडले नव्हते. जमनाबाईंनी विश्वास ठेवला आणि गरिबाचे नाव मध्ये कशाला घ्या म्हणून गप्प राहिल्या. बाकी मात्र त्या प्रत्येक दाराकडे संशयाने पाहू लागल्या. साक्षीदार कोण? हा, की ती? त्यांनी सांडगे वाटणे, मुलांना हाक मारणे, सारे बंद केले. के. आर. पुरमला निरोप धाडला की सध्या येऊ नका. व्याह्यांसमोर घराची अब्रू निघायला नको.

पण हे व्याही म्हणजे हणमंतराव. रेल्वेतून निवृत्त झालेला गडी, आणि माझ्याहून संशयी. 'येऊ नका म्हणतात म्हणजे काहीतरी दडवताहेत,' असे म्हणून ते नेमके गुरुवारीच निघाले.

गुरुवारी माझ्यासमोर, त्या अरुंद जिन्यात, अख्खी इमारत गोळा झाली. बोर्डाचे साहेब घाम पुसत उभे होते. त्यांनी मला न्याहाळले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "कुलूप शाबूत आहे. मग किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनीच सांगावं."

"मी सकाळी पाण्यासाठी उघडते साहेब, आणि लावते. आणखी काही नाही," जमनाबाई म्हणाल्या. "किती वर्षं राहतोय आम्ही इथं, विचारा कुणालाही. कुठं जाऊ मी?"

कृष्णमूर्तींनी श्यामलाकडे पाहिले, आणि जमनाबाईंनी त्या नजरेमागून पाहिले. साक्षीदार कोण ते त्यांना कळले. मित्रांनो, मी बरेच चेहरे पाहिले आहेत, पण तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू गं?"

श्यामला रडकुंडीला आली. "काकू, मी खोटं नाही बोलत. तुम्हीच म्हणालात! मी शब्द न् शब्द ऐकलाय. बीगरु बंद्रे, मेलिन बागिलु तेगी!"

कृष्णमूर्तींच्या बायकोला हसू फुटले, पाठोपाठ साहेबांना, आणि ते हसू जिन्यावरून खाली घरंगळत गेले. श्यामला भांबावून इकडेतिकडे बघू लागली. तेवढ्यात खालून गर्दी सारत, हातात फळांची पिशवी घेतलेले हणमंतराव वर आले.

"कोण मला बोलावतंय?" ते गरजले. "बीगरु मीच! विहीणबाई, हा काय प्रकार? एवढी माणसं कशाला?"

"बीगरु म्हणजे कुलूप नव्हे गं बाई," जमनाबाई श्यामलाला म्हणाल्या. "बीगरु म्हणजे व्याही." "ती सांगायला आली तेव्हा गिरीराज समोरच बसला होता," कृष्णमूर्ती म्हणाले, आणि जमनाबाई थबकल्या. हळूच गिरीराजकडे वळल्या. "पण गिरी, तुला तर कानडी कळतं. तुलाच सांगितलं होतं मी. ही काय समजली ते तू समोर बसून ऐकलंस, आणि गप्प राहिलास?"

"विसरलो, अक्का," गिरीराज म्हणाला. तो एक पायरी खाली सरकला.

हणमंतरावांना यातले निम्मेच कळले होते. पण जिथे भांडण कुलपावरून, तिथे कुलूप बघायलाच हवे. त्यांनी पिशवी जमनाबाईंकडे दिली, मला मुठीत धरले आणि अलीगढच्या त्या कारागिरासारखा हिसका दिला. खळ्ळ! कोयंडा, दोन आखूड स्क्रू आणि मी, असे सगळे मिळून त्यांच्या हातात आलो. दार आपोआप उघडले आणि गच्चीवरचे ऊन जिन्यात पडले.

कुलूप लागलेले, दार उघडे! साहेबांनी चौकटीच्या भोकांत बोट घालून पाहिले. आतून ती गुळगुळीत झाली होती. "कोयंडा कोणी बसवला?" त्यांनी विचारले. उत्तर द्यायची गरज पडली नाही. सगळे ज्याच्याकडे बघत होते तो तोवर तळमजल्यावर पोहोचला होता. टाकीमागे त्याच्या गोदामाचा शिक्का मारलेली गोणपाटे सापडली, बसायला अंथरलेली. पुढे बोर्डाने त्याचे घर काढून घेतले, असे म्हणतात. काही म्हणतात, तो आपणच गेला. मी कोणाचेच म्हणणे सहजी धरून चालत नाही. एवढे खरे, की बाटल्या पडायच्या थांबल्या.

गच्चीला लोखंडी दार बसले, त्याला दुसरे कुलूप आले. मला जमनाबाईंनी मागून घेतले. आणि मित्रांनो, मला त्यांनी कुठे लावले माहीत आहे? त्यांच्या स्वतःच्या दाराला. पाच मिनिटे खाली गेल्या तरी कुलूप. घरात असल्या तरी आतून कडी. ज्या उघड्या दाराचा मला एवढा राग यायचा, ते मीच बंद करून बसलो, आणि मला ते मुळीच गोड लागले नाही. श्यामला दोनदा आली. एकदा वाटीत खीर होती. तिने मला हातात धरले, जरा ओढून पाहिले आणि परत गेली. जमनाबाई समोर आल्या की म्हणायच्या, "काय श्यामलाबाई, बऱ्या आहात ना?" बाई आणि आहात! अक्षराच्या पायाचा व्रण भरून आला, हे बोलणे काही भरून आले नाही.

डोहाळजेवण गच्चीवर झाले, आणि बाळंतपणाला कस्तुरी आईकडे आली. एका सकाळी तिला अचानक कळा सुरू झाल्या. रिक्षा खाली आली, मुलीला धरून जमनाबाई उतरल्या, घाईघाईत मला लावून. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. गॅसवर दूध तसेच होते! मुलगी कण्हत होती, मागे फिरायला वेळ नव्हता. मुठीत माझी किल्ली. त्यांनी बंद दारांकडे एकेक करून पाहिले. मला वर त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"श्यामले!" त्यांनी हाक मारली. "अगं श्यामले! हा घे बीगाचा हात. दूध उतू जाईल, बघ."

श्यामला अनवाणीच वर धावली. तिने मला उघडले, गॅस बंद केला, ओटा पुसला. मग बाहेर आली. आता ही मला लावून किल्ली पदराला बांधणार, असे मला वाटले. पण तिने मला लावले नाही. दार सताड उघडे टाकून ती उंबऱ्यात बसली आणि मला मांडीवर घेतले. अक्षरा शाळेतून आली आणि पूर्वीसारखी सरळ आत शिरली. जाणारी येणारी माणसे बघत होती. संध्याकाळपर्यंत मी तसाच होतो, तिच्या मांडीवर, उघडा.

दिवे लागायच्या सुमारास खालून ओळखीच्या जड पावलांचा आवाज आला. हणमंतराव पेढ्यांचा पुडा उंच धरून चढत होते. श्यामला उठली, कठड्यावरून वाकली आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बीगरु बंद्रु! बीगरु बंद्रु!"

एकूण एक दार उघडले. व्याही आले, हेच सगळ्यांनी ऐकले; या खेपेला तिचा शब्द कोणी चुकीचा ऐकला नाही.

आता मी जमनाबाईंच्या दारामागे खिळ्याला असतो, रात्रीपुरता कामाला येतो. वय झाले, किल्ली अडखळते. मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, पावसाळ्यात तर नक्की. आणि कोणावर संशय आलाच, तर तो घ्या, मी नाही कसा म्हणू, माझा जन्मच त्यात गेला. फक्त शेजाऱ्याच्या दाराकडे बघण्याआधी एकदा कोयंडा हलवून बघा. आणि जे ऐकले ते त्याच माणसाला जाऊन विचारा, "काकू, म्हणजे काय हो?" एवढे विचारायला किल्ली लागत नाही.